गढूळ पाण्यातला गळ

आषाढ लागला की सांगलीच्या आयर्विन पुलाखालून कृष्णा दुधाच्या चहासारखी वाहते. महाबळेश्वर-कोयनेकडची तांबडी माती, कराड-वाळव्याची काळी, सगळी तिच्यात उतरते. हात मनगटापर्यंत बुडवला की बोटं दिसेनाशी होतात. अशा पाण्यात माशाला भक्ष्य सापडतं कसं, हे एकदा कळलं की गळाला काय लावायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. दुकानात मात्र हुबेहूब माशासारखं दिसणारं, चंदेरी खवल्यांचं आमिष हातात घेतलं जातं. ते आपल्या डोळ्यांना आवडतं म्हणून. गढूळ पाण्यात ती सगळी चमक वाया जाते.

शिवडा या माशाचं बघा. डोळे बारीक, पण मिशा लांबलचक, आणि त्या मिशांवर चव ओळखणाऱ्या पेशी. अंगाच्या दोन्ही बाजूंनी डोक्यापासून शेपटीकडे जाणारी एक रेघ असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. जवळ पाणी जरा हललं तरी तिला ते कळतं. शिवडा, शिंगटा, रोहू, कटला या मंडळींना आणखी एक देणगी आहे: पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० साली तिचं वर्णन केलं. पाण्यातली थरथर पिशवीवर आदळते, हाडं ती कानाला पोचवतात. बांबूच्या काठीला तंगूस बांधून गांडूळ लावणारा नदीकाठचा पोरगा म्हणूनच चुकत नाही. गांडूळ वळवळतं, वास सोडतं, आणि पुरात वाहून येणारं खाणं तेच असतं.

वळवळीचं हेच काम अमेरिकेतल्या बास माशासाठी क्रँकबेट नावाचं बनावट आमिष करतं. टेनेसीतल्या फ्रेड यंग यांनी १९६०च्या दशकात बाल्सा लाकूड कोरून जाड पोटाचा ‘बिग ओ’ केला. तोंडाशी एक पट्टी, तिच्यामुळे ओढलं की ते बुडतं आणि डुलत चालतं. बास कृष्णेत नाही, पण शिवडा आणि मरळ हे आपले शिकारीच आहेत, आणि गढुळाचा नियम त्यांनाही लागू होतो.

तेव्हा निवड अशी करावी. अंग गुबगुबीत आणि डुलणं रुंद हवं. चपटं, बारीक थरथरणारं आमिष स्वच्छ पाण्याचं. आत खुळखुळणारी गोळी असेल तर एकच मोठी बघावी, ‘ठक-ठक’ असा जड आवाज देणारी. पट्टी चौकोनी असली की दगडाला, बाभळीच्या मुळाला धडकून आमिष बाजूला उसळतं, आणि मासा बहुतेकदा त्या धडकेनंतरच झडप घालतो. ओढ सावकाश आणि एकसारखी ठेवावी, कारण माशाला ते आधी शोधायचं असतं. फेक काठालगत करावी. मुख्य धारेचा जोर सोसत मासा उभा राहत नाही, तो काठच्या आडोशाला येतो.

रंगाचा प्रश्न वेगळा. मातीचे कण निळा प्रकाश आधी गिळतात. पिवळा-नारिंगी त्यातल्या त्यात खोल पोचतो. म्हणून काळ्या पाठीचा भडक पोपटी-पिवळा, नाहीतर सरळ काळा, कारण वरच्या उजेडावर काळी आकृती ठळक उठते. पाणी किती गढूळ, ते मोजायला इटलीच्या आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली पांढरी चकती पाण्यात सोडली होती. आपल्याला स्टीलचं ताट दोरीला बांधून सोडता येतं. हातभर खोलीच्या आत ते दिसेनासं झालं तर रंगाचा विचार सोडावा, आवाज आणि डुलणं बघावं. हिवाळ्यात धोम धरणाच्या पाण्यात तेच ताट खोलवर दिसतं, तेव्हा चंदेरी आमिषाला अर्थ असतो.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे अंडी घालायला वर येतात, गाभोळीने जड झालेले. त्या दिवसांत गळ घरीच राहू द्यावा. धरणात मासेमारीचा हक्क सहसा सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो, तिथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये.

आणि भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. गढूळ पाण्यात त्या हातभरावरही दिसत नाहीत. आमिष झाडाच्या मुळांमध्ये अडकलं, कितीही महागाचं असलं, तरी सोडवायला पाण्यात उतरू नका. काठावर मागे सरा आणि तंगूस तोडा.