बंद खिडकीची किंमत

२०२५ च्या डिसेंबर महिन्यात भारतातील अमेरिकन वकिलातींनी एच-१बी व्हिसाच्या मुलाखतींच्या ठरलेल्या तारखा एकाएकी रद्द केल्या. १५ डिसेंबरपासून या वर्गातील अर्जदारांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे समाजमाध्यमांवरील लिखाण तपासण्याचा नवा नियम लागू झाला, आणि तपासणीस वेळ लागणार म्हणून रोजच्या मुलाखती कमी कराव्या लागल्या, असे त्याचे कारण. नव्या तारखा मिळाल्या त्या २०२६ च्या मार्चमधल्या, काहींना त्याहूनही पुढच्या. ज्यांना तारीख बदलल्याचे कळविले आहे त्यांनी जुन्या तारखेस येऊ नये, आल्यास दारातून आत घेतले जाणार नाही, असेही वकिलातीने जाहीर करून टाकले. नाताळच्या सुटीत आईवडिलांना भेटावयास किंवा बहिणीच्या लग्नाला म्हणून तीन आठवड्यांसाठी आलेली माणसे त्यामुळे येथेच अडकून पडली. त्यांची नोकरी, भाड्याचे घर आणि मुलांच्या शाळा सातासमुद्रापलीकडे, आणि पासपोर्टावर शिक्का नाही.

पवईसारख्या वस्तीत ही बातमी परराष्ट्र धोरणाची बातमी म्हणून कोणी वाचली नाही. येथील तंत्रशिक्षण संस्था १९५८ साली सुरू झाली ती युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्यावर. आणि तिचे पदवीधर पुढे पिढ्यान्‌पिढ्या निघाले ते अमेरिकेच्या वाटेने. इतिहासाचा हा विनोद पवईकरांच्या आता अंगवळणी पडला आहे. परंतु परदेशी शिक्षण ही केवळ तलावाकाठच्या त्या संस्थेतील निवडक बुद्धिमंतांची मिरास राहिलेली नाही. घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड येथील शिक्षकांची, बँकेतील कारकुनांची, महापालिकेतील कर्मचाऱ्यांची मुले खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवी घेऊन, कर्ज काढून जाऊ लागली, त्यालाही बरीच वर्षे झाली. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते, म्हणजे इतर कोणत्याही देशाहून अधिक. एच-१बीच्या मंजूर अर्जांपैकी तर दर दहांत सुमारे सात भारतीयांचे असतात. तेव्हा ही खिडकी बंद झाली की वारा कुठे अडतो हे निराळे सांगावयास नको.

तिकडे कायदेशीरपणे नोकरी करणाऱ्याला इकडे अडकण्याचे कारणच काय, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. कारण असे की, अमेरिकेत राहून काम करण्याची परवानगी ही एक बाब आहे आणि त्या देशात प्रवेश करण्यासाठी पासपोर्टावर लागणारा व्हिसा ही दुसरी. पहिलीची मुदत तिथल्या तिथे वाढवून मिळते. दुसरा मात्र देशाबाहेरच्या वकिलातीतूनच घ्यावा लागतो. हा व्हिसा अमेरिकेतच नूतनीकरण करून देण्याची सोय पूर्वी होती, ती २००४ मध्ये बंद झाली. २०२४ च्या आरंभी वीस हजार अर्जांपुरता तसा प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आला, पण तो प्रयोगच राहिला. भारतातील रांग टाळण्यासाठी काही जण बँकॉक किंवा फ्रँकफुर्ट गाठत असत. सप्टेंबर २०२५ मध्ये अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या वा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा असा नियम झाला आणि तोही दरवाजा लागला. एकाच खिडकीवर सर्वांना आणून उभे करावयाचे आणि मग तीच अर्धी लोटून घ्यावयाची, असे हे झाले.

अर्थशास्त्रात टंचाईच्या वस्तूचे वाटप दोन रीतींनी होते: किमतीने किंवा रांगेने. रेशनच्या दुकानापुढे आणि रॉकेलच्या गाडीमागे उभ्या राहिलेल्या पिढीला हा सिद्धांत शिकवावा लागत नाही. किंमत वाढली तर गिऱ्हाइकाच्या खिशातला पैसा विक्रेत्याच्या गल्ल्यात तरी पडतो. रांगेत खर्ची पडलेला वेळ कोणाच्याच गल्ल्यात पडत नाही. तो नुसता नाहीसा होतो. २०२२ साली मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी आठशेहून अधिक दिवस थांबावे लागत होते, आणि आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना तो विषय वॉशिंग्टनमध्ये काढावा लागला होता. नातवाच्या बारशाचे आमंत्रण घेऊन अर्ज करावा आणि त्याच्या शाळाप्रवेशाला पोहोचावे, असा तो काळ. तरीही त्या लांबलचक रांगेत एक गुण होता: शेवटी एक तारीख होती. तारीख कितीही लांबची असली तरी माणूस तिच्याभोवती आपला संसार बेतू शकतो. डिसेंबरात गेला तो तारखेवरचा विश्वास, आणि अनिश्चिततेची किंमत विलंबाच्या किमतीपेक्षा नेहमीच जबर असते.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा हिशेब अधिक कठोर आहे. २७ मे २०२५ रोजी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे जगभर थांबविण्याचा आदेश निघाला. १८ जूनला मुलाखती पुन्हा सुरू झाल्या, त्या समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांना खुली करण्याच्या अटीवर. थांबले ते तीनच आठवडे, असे कोणी म्हणेल. परंतु मे-जून हा या व्यवहाराचा ऐन सुगीचा काळ. आंब्याच्या हंगामात मंडई तीन आठवडे बंद ठेवली तर बागायतदाराला दिवाळीत ती उघडी असल्याचा काय उपयोग? त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत पोहोचलेल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी घटली. या घटीला इतर कारणेही असतील. नोकरीच्या बाजाराची भीती आहे, रुपयाची घसरण आहे. पण बंद खिडकीचा वाटा त्यात नाही असे म्हणता येणार नाही.

ज्याचा ऑगस्ट हुकला त्याचे वर्ष गेले, असे आपण म्हणतो. कोणते वर्ष गेले? वरवर पाहता पगाराचे पहिले वर्ष. पण निवृत्तीचे वय तेवढेच राहत असल्यामुळे आयुष्याच्या जमाखर्चातून वजा होते ते शेवटचे, जेव्हा मिळकत सर्वांत अधिक असते. शिवाय हातची नोकरी सोडलेली, विद्यापीठाकडे अनामत भरलेली, वडिलांनी राहत्या घरावर कर्जाची कागदपत्रे केलेली. व्हिसाच्या अर्जाचे १८५ डॉलर आणि विद्यार्थी नोंदणीचे ३५० डॉलर हे त्या मानाने किरकोळच. पण तेही मुलाखतीआधी भरावे लागतात आणि व्हिसा नाकारला गेला तरी अर्जाचे पैसे परत मिळत नाहीत.

टंचाई आली की दलाल येतो, हाही जुनाच नियम. मार्च २०२५ मध्ये भारतातील अमेरिकन वकिलातीने सुमारे दोन हजार तारखा रद्द केल्या. संगणकीय युक्तीने त्या भराभर अडवून ठेवल्या गेल्या होत्या. चित्रपटगृहाबाहेरच्या काळ्या बाजाराचीच ही सुधारून वाढविलेली आवृत्ती. (रांगेतून रीतसर उद्योगही उभा राहतो, हे जाता जाता सांगण्यासारखे. व्हिसाचे अर्ज गोळा करण्याचे काम वकिलातींकडून कंत्राटाने घेणारी जगातली सर्वांत मोठी कंपनी २००१ साली मुंबईतच सुरू झाली, आणि तिचे पहिले गिऱ्हाईक अमेरिकन वकिलात होती.)

आता, कोणाला आपल्या घरात घ्यावे हे ठरविण्याचा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार निर्विवाद आहे. व्हिसा हा अर्जदाराचा हक्क नव्हे, हे मान्यच करावयास हवे. प्रश्न नकाराचा नाहीच. नकार मिळाला की माणूस दुसरा मार्ग शोधतो. दुसरा देश, दुसरी नोकरी, दुसरे विद्यापीठ. शुल्क घेऊन, तारीख देऊन, ऐन वेळी ती काढून घेऊन मौन धरणे ही गोष्ट निराळी. नकार देण्याच्या अधिकारात उत्तर न देण्याचा अधिकार सामावलेला असतो, हे कोणत्या तत्त्वावर मानावयाचे? आणि ही अपेक्षा अवास्तवही नाही. महासाथीच्या काळात, मार्च २०२० पासून, सर्वच वकिलाती बंद पडल्या. तेव्हा अमेरिकेनेच भरलेल्या शुल्काची मुदत सप्टेंबर २०२३ पर्यंत वाढवून दिली होती. मनात आणले तर जमते.

दुसऱ्याला हे सुनावताना आपलेही दप्तर उघडून पाहिले पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडाशी वाद विकोपाला गेला तेव्हा २१ तारखेस भारताने कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणे थांबविले. त्यातले काही प्रकार महिनाभराने आणि इ-व्हिसा २२ नोव्हेंबरला सुरू झाला. मधल्या दोन महिन्यांत अडले कोण? दोन्ही सरकारांतील एकाही मंत्र्याचे काही अडले नाही. अडले ते पुष्कळसे आपलेच लोक: तिकडचे नागरिकत्व घेतलेले, पंजाबात, गुजरातेत, महाराष्ट्रात म्हातारे आईबाप असलेले. कॅनडानेही ऑक्टोबरात आपले ४१ अधिकारी परत नेले आणि मुंबई, चंडीगड व बंगळूर येथील कचेऱ्यांतील समक्ष कामकाज थांबविले. व्हिसाचे काम पाहणारे त्यांचे भारतातील कर्मचारी २७ वरून ५ वर आले. हे अधिकारी नेण्यास भारताच्याच आग्रहाने भाग पाडले होते, आणि त्यामागे राजकीय कारणेही होती. पण एका खिडकीला दुसरी खिडकी बंद करून उत्तर देताना दोन्ही खिडक्यांबाहेर बहुतांशी एकाच कुटुंबातली माणसे उभी होती, याचा विचार दिल्लीत झाला असेल असे वाटत नाही.

वकिलात म्हणजे व्हिसाची खिडकी, असा आपला एकूण समज होऊन बसला आहे. वस्तुतः तिचे दुसरे, आणि माझ्या मते पहिले, काम आपल्या माणसाला परमुलखात गाठण्याचे आहे. हे कामही पवईला ठाऊक आहे, ते फार कडू अनुभवाने. पवईचे रहिवासी आणि नौदलातील निवृत्त अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने मार्च २०१६ मध्ये अटक केल्याचे जाहीर केले आणि एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा दिली. मधल्या काळात भारताने पुनःपुन्हा मागूनही वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्यांची भेट मिळाली नाही. हेरगिरीचा आरोप असलेल्याला ही सवलत नाही, असे पाकिस्तानचे म्हणणे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी, पंधरा विरुद्ध एक अशा मताने, ते फेटाळले. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या छत्तिसाव्या कलमात आरोपाच्या स्वरूपावरून असा भेद केलेला नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. न्यायालयाने शिक्षा रद्द केली नाही की सुटकेचा आदेश दिला नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि वकिलातीला भेटू द्या, इतकेच सांगितले. पहिली भेट झाली ती २ सप्टेंबर २०१९ ला, अटकेनंतर साडेतीन वर्षांनी.

येथे दोन अर्जदारांतला फरक स्पष्ट होतो. परक्याच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यामागे कोणताही करार उभा नाही. त्याच्यासाठी आपले सरकार केवळ रदबदली करू शकते, आणि डिसेंबरमध्ये तशी ती केली असल्याचे परराष्ट्र खात्याने सांगितलेही. व्यापाराच्या वाटाघाटींत बदाम-अक्रोडाच्या जकातीवर तास न् तास घालविणाऱ्यांनी, दिलेली तारीख नवी जवळची तारीख दिल्याखेरीज काढून घेऊ नये आणि घेतलेले शुल्क बुडू नये, एवढे एक कलम पटलावर ठेवावयास हरकत नाही. हुकलेल्या सत्रापुरती कर्जाच्या हप्त्याची मुदत पुढे नेणे आणि सोडलेली नोकरी वर्षभर राखणे हे तर आपल्याच बँकांच्या व मालकांच्या हातचे आहे. परक्या तुरुंगातल्या आपल्या नागरिकामागे मात्र करार आहे, निकाल आहे. तेथे उणीव राहिली तर ती बऱ्याच अंशी कचेरीच्या अंतराची असते.

मुंबई आणि कराची ही एकाच किनाऱ्यावरची बंदरे. दोन्ही शहरांत एकमेकांच्या कचेऱ्या होत्या. १९९४ साली दोन्ही बंद झाल्या. २००४-०५ च्या सलोख्याच्या काळात त्या पुन्हा उघडण्याचे ठरले, परंतु ते कागदावरच राहिले. मुंबईतील ज्यांचे चुलते-मावश्या कराचीत आहेत त्यांना तेव्हापासून दिल्ली गाठावी लागली, आणि एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हत्याकांडानंतर उरलासुरला मार्गही मिटला. पण अधिक हाल झाले ते त्या मच्छीमारांचे, जे सागरी हद्द ओलांडल्यावरून पकडले जाऊन कराचीच्या तुरुंगात पडतात. त्यांत गुजरातचे बहुसंख्य. आणि पोरबंदर-ओख्याच्या बोटींवर खलाशी म्हणून मजुरीला गेलेले डहाणू-तलासरीकडचे आदिवासीही असतात. शिक्षा भोगून झाली तरी राष्ट्रीयत्वाची खातरजमा झाल्याखेरीज सुटका नाही, आणि खातरजमा करणारे आपले अधिकारी हजारांहून अधिक किलोमीटरवर इस्लामाबादेत. २००८ च्या करारान्वये अटकेपासून तीन महिन्यांच्या आत वकिलातीला भेट मिळावयाची असते. कराचीची कचेरी पुन्हा उघडावी असे आज म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र ठरावीक महिन्यांनी आपला एखादा अधिकारी त्या तुरुंगात जाऊन आठवडाभर बसेल, एवढी व्यवस्था कचेरीशिवायही होऊ शकते. याच करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. १ जुलै २०२५ रोजी, मे महिन्यातील लष्करी संघर्षाला दोन महिनेही झाले नसताना, त्या याद्या ठरल्याप्रमाणे दिल्या-घेतल्या गेल्या. पाकिस्तानने दिलेल्या यादीत १९३ मच्छीमार होते.