गाजरगवत : फुलण्याआधी ओळखा

पहिल्या पावसानंतर पांडवलेणीच्या डोंगराखाली किंवा म्हसरूळकडच्या माळावर फिरायला गेलात, तर जमिनीला चिकटून पसरलेलं, गाजराच्या पानांसारखं एक रोपटं दिसेल. तेच गाजरगवत. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. नावात गवत असलं तरी ते गवत नाहीच. सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे ते १९५५ साली पुण्यात लक्षात आलं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं मानतात.

कोवळेपणी शेवंतीच्या रोपाशी गफलत होते. मोठं झालं की खोडावर उभ्या रेघा आणि बारीक लव दिसते. फुलं पांढरी, इवलीशी. जवळून पाहिलं तर प्रत्येकाला पाच कोपरे. पण फुलं दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालाच म्हणून समजा.

आमचीच चूक सांगतो. एका वर्षी ऑगस्टअखेर मुलांना घेऊन शाळेमागचा माळ साफ केला. फुललेली झाडं उपटली, कुंपणाशी ढीग घातला. दोघांच्या हाताला पुरळ आलं ते वेगळंच. पुढच्या पावसात ढिगाच्या जागी गाजरगवताची गादीच उगवली! एकेका झाडाला हजारो बिया, त्या आम्हीच तिथे नेऊन पेरल्या होत्या.

तेव्हापासून आम्ही मोजतो. दोरीचा एक मीटरचा चौकोन, कोपऱ्यांना रंगवलेले दगड. जागा तीन: पायवाटेच्या कडेला, मुरूम काढलेल्या खड्ड्याजवळ आणि आत बोरी-करवंदांच्या झुडपांत. दर पंधरा दिवसांनी वहीत दोन आकडे: जमिनीलगतची रोपं किती, फुललेली किती. एकही नसेल तर शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. उकरलेल्या जमिनीवर आणि वाटेच्या कडेला ते आधी येतं. झुडपांतल्या चौकोनात आकडा वाढू लागला, की खरी काळजी. गुरं ते खात नाहीत आणि चाऱ्याचं गवत मात्र मागे हटतं. येवल्याकडच्या ममदापूरची काळवीटं काय, आपली गुरं काय, माळावरच्या गवतावरच जगतात.

उपटायचं ते पावसानंतर, माती ओली असताना, मुळासकट. हातमोजे आणि नाकाला रुमाल हवाच. पानं कुरतडलेली दिसली तर उलटून बघा, पिवळट पाठीवर काळ्या नक्षीचा मेक्सिकन भुंगा असेल. तो १९८०च्या दशकात मुद्दाम भारतात आणलेला आहे. त्याला मारू नका. वहीत त्याचाही रकाना ठेवा.