शॉकअप बसतो, पण चालतो का?

मोटारीचे सस्पेन्शन म्हणजे स्प्रिंग, शॉकअप, लोअर आर्म, बॉल जॉइंट आणि सांध्यांत बसणारे रबरी बुश यांची एकत्र जुळणी. एका वर्षाच्या मॉडेलचा भाग दुसऱ्या वर्षाच्या गाडीला लावायचा तर ही सगळी जुळणी तपासावी लागते. गाडीचे नाव सारखे असून भागत नाही, कारण कंपन्या तेच नाव अनेक पिढ्यांना देतात आणि एकाच पिढीतही मधल्या एखाद्या वर्षी गाजावाजा न करता बदल करतात.

सुबारू इम्प्रेझा हे याचे ठळक उदाहरण. अमेरिकेत विकल्या गेलेल्या २००४ च्या डब्ल्यूआरएक्स एसटीआय मॉडेलमध्ये चाकाचे पाच बोल्ट १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर होते. २००५ मध्ये हे वर्तुळ ११४.३ मिलिमीटर झाले. गाडी बाहेरून जवळपास तीच दिसे, पण जुनी चाके नव्या हबवर बसेनात. २००८ चा बदल त्याहून मोठा होता: मागची स्ट्रट रचना (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेली) जाऊन डबल विशबोन, म्हणजे दोन आर्मची रचना आली आणि जुन्या मागच्या स्ट्रटला नव्या गाडीत जागाच उरली नाही. याउलट माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या (१९८९) आणि दुसऱ्या (१९९८) पिढीचे सस्पेन्शन इतके सारखे आहे की दुसऱ्या पिढीचे शॉकअप वरच्या माउंटिंगसकट पहिल्या पिढीच्या गाडीत सर्रास बसवले जातात. २००५ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीचा सांगाडा मात्र पूर्ण नवा. म्हणजे नऊ वर्षांच्या अंतरावरचा भाग चालू शकतो आणि एका वर्षाच्या अंतरावरचा अडू शकतो.

म्हणून पहिला पुरावा पार्ट नंबरचा. दोन्ही वर्षांच्या कॅटलॉगमध्ये तोच नंबर असेल तर प्रश्न मिटला. कंपनीने जुना नंबर रद्द करून नवा दिला असेल, तर तशी नोंद कॅटलॉगमध्ये असते. गाडीचे वर्षही नीट ठरवावे लागते. उत्तर अमेरिकेत चासी नंबरच्या १७ अक्षर-अंकांपैकी दहावे चिन्ह मॉडेलचे वर्ष सांगते. २००५ चे मॉडेल २००४ मध्येच कारखान्यातून बाहेर पडलेले असू शकते. आपल्याकडे आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. नोंदणीच्या तारखेपेक्षा तेच पाहावे, कारण डिसेंबरात बनलेली गाडी नव्या वर्षात नोंदवली जाऊ शकते.

नंबर वेगळे निघाले तर मोजपट्टी आणि व्हर्नियर हाती घ्यावा. वरच्या माउंटिंगचे स्टड किती आणि किती अंतरावर, शॉकअपची दाबलेली आणि ताणलेली लांबी, ब्रेकच्या होजचा आणि एबीएसच्या वायरचा ब्रॅकेट, लिंक रॉडची जागा, बॉल जॉइंटच्या पिनचा निमुळतेपणा, हे सगळे मोजायचे. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांच्यातले अंतर ६० मिलिमीटर धरले आणि एक भोक आडव्या दिशेने अवघे १ मिलिमीटर सरकलेले असले, तर चाकाचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेरचा कल, जवळजवळ १ अंशाने बदलतो. टायर एका कडेने झिजायला एवढे पुरते.

सगळ्यांत फसवी असते ती स्प्रिंग, कारण ती बसते हमखास. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेटोळ्यांचा व्यास आणि संख्या तीच ठेवून १२ मिलिमीटरची तार १३ मिलिमीटर केली, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के अधिक ताठर होते. जुना शॉकअप मग तिची उसळी आवरायला कमी पडतो आणि खड्ड्यानंतर गाडी उड्या मारत राहते. एकाच वर्षाच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंगाही सहसा वेगळ्या असतात, कारण डिझेल इंजिन जड असते. त्यामुळे वर्षाबरोबर इंजिनही जुळवून पाहावे लागते.

भाग बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करावेच लागते, आणि स्प्रिंग व शॉकअप दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. बसवण्यासाठी भोक मोठे करावे लागत असेल किंवा वॉशर भरून जागा काढावी लागत असेल, तर तो भाग त्या गाडीचा नाही. तो परत करावा.