मुडपलेला काठ

रायपूरच्या समता कॉलोनीच्या कुठल्याही गल्लीत उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या चाकावर, मडगार्डच्या कमानीखाली बोटे घातली, की एक गोष्ट हाताला लागते. बाहेरचा गुळगुळीत पत्रा कडेपाशी संपत नाही. तो काटकोनात आत वळतो आणि दहा ते पंधरा मिलिमीटर रुंदीची एक पट्टी तयार करतो. गॅरेजवाले तिला ‘लिप’ म्हणतात. घरच्या गाडीत ही पट्टी आयुष्यभर कोणाच्या लक्षात येत नाही. शर्यतीच्या गाडीत मात्र चाक आणि गाडीचे अंग यांची पहिली टक्कर इथेच होते. रुंद टायर वळणावर दबून वर सरकतो आणि या पट्टीवर घासू लागतो. तेव्हा ती पट्टी आत दाबून मडगार्डच्या पाठीला सपाट चिकटवावी लागते. या कामाला फेंडर रोलिंग म्हणतात, आणि मराठीत त्यासाठी नेमका शब्द शिवणकामात तयार आहे: काठ मुडपणे. बघणाऱ्याला ही गाडीची नासधूस वाटते, काहींना ती हौसही वाटते. माझ्या मते तो पत्र्याशी केलेला उसनवारीचा व्यवहार आहे. कारखान्याने काही कामांसाठी राखलेली जागा आपण टायरला देतो, आणि ती कामे दुसऱ्या मार्गाने भागवण्याची जबाबदारी अंगावर घेतो. ही जबाबदारी जो ओळखतो, त्याच्या हातचे काम कारागिरी ठरते.

ती कामे कोणती, हे आधी पाहायला हवे. मोटारीच्या अंगाचा पत्रा साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर जाड असतो. एवढ्या पातळ पत्र्याची कड सरळ कापून सोडली तर ती लवलवते. वहीचा कागद एका कडेला धरला तर मान टाकतो, आणि त्याचीच कड दुमडली की ताठ उभा राहतो, तसेच हे. रायपूरकरांना पोलाद म्हटले की भिलाई आठवते. 1959 मध्ये तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या रेल्वेचे रूळ तिथे घडत आले. मीटरला साठ किलो वजनाच्या त्या रुळाला बळ मिळते ते मुख्यतः त्याच्या जाडजूड घडणीतून. मोटारीच्या पत्र्याकडे वजन नाही, म्हणून त्याला घडीतून बळ मिळवावे लागते. लिप ही अशीच एक घडी. मागच्या चाकावर तिला आणखी एक काम असते. तिथे बाहेरचा पत्रा आणि आतला चाकाचा कोश याच पट्टीवर स्पॉट वेल्डिंगच्या टाक्यांनी एकत्र शिवलेले असतात आणि त्यांच्या सांध्यात पाणी अडवणारे सीलंट भरलेले असते. पुढचे मडगार्ड बहुतेक गाड्यांत एकेरी पत्र्याचे आणि बोल्टवर बसवलेले, त्यामुळे तिथे काम सोपे. म्हणूनच जाणता डेंटर पुढच्या आणि मागच्या चाकाचा भाव वेगळा सांगतो. त्यात लबाडी नसते.

आता गरज किती खरी, ते आकड्यांत पाहू. उदाहरण फोक्सवॅगन पोलोचे घेतो. ही गाडी पुण्याजवळ चाकणला 2009 मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात बनत असे, आणि 2010 पासून पोलो कपच्या निमित्ताने ती भारतीय ट्रॅकवर धावली. रस्त्यावरच्या वरच्या मॉडेलला 185/60 आर 15 मापाचा टायर येई. समजा त्या जागी 205/55 आर 15 बसवला. व्यास 603 वरून साधारण 606 मिलिमीटर होतो, म्हणजे उंचीत जवळपास फरक नाही. रुंदी मात्र वीस मिलिमीटरने वाढते, त्यातली दहा बाहेरच्या अंगाला. रुंद टायर आत शॉकअपला लागू नये म्हणून ऑफसेट (रिमचा मध्य आणि हबला टेकणारा भाग यांतले अंतर) दहा मिलिमीटरने कमी असलेली रिम घेतली, तर चाक आणखी दहा मिलिमीटर बाहेर येते. एकूण वीस. लिपची रुंदी दहा ते पंधरा. टायर आणि पट्टी एकमेकांच्या वाटेत येणार, हे गाडी हलण्याआधी कागदावरच दिसते. कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर वेगात वळताना गाडी बाहेरच्या अंगाला झुकते आणि त्या बाजूची कमान टायरवर उतरते. नाशिक परिसरात रॅली ऑफ महाराष्ट्र होत असे, तिथल्या मातीच्या रस्त्यांवर प्रश्न थोडा वेगळा. मातीवर चालणारे टायर तितके रुंद नसतात, पण उड्या आणि खड्डे यांमुळे चाक खूप वरपर्यंत जाते. एकीकडे रुंदी, दुसरीकडे उंची, अडसर तोच.

यावर पहिला आक्षेप साधा आणि रास्त आहे: मग स्प्रिंग कडक करा, चाकाला थोडा जास्त कॅम्बर, म्हणजे वरून आत झुकाव, द्या, योग्य ऑफसेटची रिम घ्या, पत्र्याला हात कशाला? हे उपाय आधी करायचेच. पण प्रत्येकाची किंमत वेगळ्या जागी द्यावी लागते. फार कडक स्प्रिंगने टायर खडबडीत रस्त्यावर जमीन सोडतो. जास्त कॅम्बरने ब्रेक लावताना टायरची पूर्ण रुंदी जमिनीला टेकत नाही. रुंद टायर ज्या पकडीसाठी घेतला, तीच पकड त्याला जागा करून देण्यात घालवणे हा तोट्याचा सौदा आहे. पट्टी मुडपल्याने गाडीची चाल बदलत नाही.

काम प्रत्यक्षात कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. आधी टायरच्या खांद्यावर खडू फासून गाडी फिरवतात. जिथे खडू पुसला जातो आणि लिपचा रंग जाऊन पत्र्याची चकाकणारी रेघ उघडी पडते, तीच खरी जागा. पूर्ण कमान मुडपायची गरज अनेकदा नसतेच. मग चाक काढून हबच्या बोल्टवर एक लोखंडी हात बसवतात, त्याच्या टोकाला कडक पॉलियुरेथेनचा रूळ. हीट गनने रंग हाताला चटका बसेल इतका तापवायचा, कारण थंड रंग ताणला की तडकतो. रूळ लिपला टेकवून कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मागे-पुढे फिरवायचा, स्क्रू थोडा आवळायचा, पुन्हा तापवायचे, पुन्हा फिरवायचा. घाई केली की काम बिघडते, आणि त्याचे कारण भूमितीत आहे. कमान गोल आहे. समजा तिची त्रिज्या 330 मिलिमीटर आणि पट्टी बारा मिलिमीटर रुंद. पट्टी वर वळून सपाट बसते तेव्हा तिची कड 342 च्या वर्तुळावर जाते. म्हणजे कडेची लांबी साडेतीन टक्क्यांहून अधिक वाढायला हवी. ही वाढ पत्र्याने ताणून द्यायची असते. सावकाश दिली तर ताण सगळ्या कमानीवर वाटला जातो. एका फेरीत ओढली तर पट्टी ताणायला नकार देते आणि तिच्याऐवजी बाहेरचा दर्शनी पत्रा लाटेसारखा फुगतो. मग पुट्टी भरून, घासून, रंगवून ती लाट लपवावी लागते.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे गणित कोणी आकड्यांत मांडत नसेल, पण हातांना ते पाठ आहे. तांब्याचा पत्रा ठोकून भांड्याचा काठ वळवताना प्रत्येक ठोक्याने धातू थोडा कडक होत जातो, हे तांबटाला पक्के ठाऊक असते. म्हणून तो मधून मधून भांडे भट्टीत लालसर तापवून मऊ करतो. मोटारीच्या पत्र्याला ती सवलत नाही, कारण तसे तापवले तर रंगाची राख होईल. इथली उष्णता फक्त रंगासाठी असते, धातू थंडच वाकतो आणि प्रत्येक फेरीत कडक होतो. एकदा मुडपलेली पट्टी उलट उघडून पुन्हा मुडपू नये, ती चिरते. बेसबॉलची बॅट टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये घालून गाडी पुढे-मागे ढकलण्याची युक्ती जगभर प्रसिद्ध आहे आणि तिच्याने पट्टी वाकतेही. पण कुठे किती दाब पडला, यावर तिथे कोणाचाच ताबा नसतो. त्या युक्तीला मी कारागिरी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप असा की एवढे कष्ट कशाला, ग्राइंडरने पट्टी कापून टाका. रेसिंगच्या इतिहासात कापण्याला मोठी जागा आहे, हे खरेच. 1969 च्या निसान स्कायलाइन जीटी-आरमध्ये रुंद टायरसाठी मागची कमान मोठी केली, तेव्हा पत्र्यावरची प्रसिद्ध रेषा अर्ध्यात तुटली, आणि ती तुटकी रेषाच त्या गाडीची ओळख बनली. पण तो निर्णय कारखान्याने घेतला होता, कमानीची रचना नव्याने करून. गॅरेजमध्ये कापलेली कड टायरच्या बाजूच्या भिंतीसमोर उघडे पाते होऊन उभी राहते, आणि बाजूची भिंत हाच टायरचा सर्वांत पातळ भाग. मागच्या चाकावर कापणे म्हणजे तर दोन पत्र्यांना धरणारे टाकेच तोडणे. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या ग्रुप एन नियमांत, म्हणजे उत्पादनातल्या गाड्यांच्या वर्गात, हाच विचार दिसतो: चाकाच्या कोशात डोकावणारी धातूची कड मुडपायला मुभा आहे, छाटायची मुभा फक्त प्लास्टिकला. मला हा नियम पत्र्याच्या स्वभावाला धरून वाटतो.

गंजाचा तिसरा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. पट्टी वळली की सांध्यातले जुने सीलंट तडकते, टाक्यांभोवतीचा रंग सुटतो आणि दोन पत्र्यांच्या मध्ये केसाएवढी फट राहते. ट्रॅकवरची गाडी शर्यतीनंतर धुऊन छताखाली जाते, तिची कमान दर वेळी तपासली जाते. रायपूरच्या पावसाळ्यात रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तीच फट चिखल आणि पाणी महिनोन्महिने धरून ठेवते, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा गेलेला असतो.

याच कारणाने मी हे काम ट्रॅकच्या गाडीपुरते मानतो. रस्त्यावरच्या गाडीबाबत कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मापदंडापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मुडपलेली पट्टी आत लपते, पण ती ज्यासाठी मुडपली तो रुंद टायर लपत नाही. कमानीबाहेर आलेला टायर मागच्या स्कूटरवाल्यावर खडे आणि चिखल फेकतो. त्याने तो का सोसावा?

ट्रॅकच्या गाडीवर मात्र रूळ काढून ठेवला की काम संपत नाही. कमान गार झाल्यावर बॅटरीच्या उजेडात बोट फिरवून प्रत्येक टाका तपासायचा. तडा दिसला तिथला रंग खरवडून उघड्या धातूवर प्रायमर द्यायचा. मग अरुंद ब्रशने घडीच्या आत, जिथे डोळा पोचत नाही तिथपर्यंत, सीलंट रेटत न्यायचे आणि ते सुकल्यावरच चाक चढवायचे. शेवटी टायरच्या खांद्यावर पुन्हा खडू फासायचा, गाडी वळणावर नेऊन आणायची आणि वाकून पाहायचे, खडू जागेवर आहे का.