आमरीचा जोडधंदा : मुद्दल राखून व्याज खावे

कोकणात आलेला पर्यटक परतताना आमसुले, काजूगर, फणसपोळी आणि हंगाम असेल तर आंब्याची पेटी घेऊन जातो. या साऱ्या वस्तू काही दिवसांत संपतात. त्याच्या घरी वर्षानुवर्षे फुलेल असे काही कोकणाने त्याला द्यावे आणि त्यातून लहान शेतकऱ्याच्या गाठीला चार पैसे लागावेत, ही कल्पना मोलाची आहे. ऑर्किड, म्हणजे आपल्या भाषेतील आमरी, हे असे देण्याजोगे रोप आहे. तथापि हा जोडधंदा उभा करण्यापूर्वी विक्रीचे रोप येणार कोठून, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. धंद्याचे आणि सह्याद्रीच्या रानाचेही भवितव्य त्या उत्तरावर अवलंबून आहे.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सचित्र ग्रंथात देशातील आमरींच्या १,२५६ जातींची नोंद आहे. त्यांतील 'सीतेची वेणी' कोकणाला परिचित आहे. आंब्या-फणसाच्या खोडावर पावसाळ्याच्या तोंडाशी तिचे गुलाबी-पांढरे तुरे वेणीसारखे लोंबू लागतात. आसामात हेच फूल 'कोपौ फूल' म्हणून बिहूच्या नृत्यात स्त्रिया केसांत माळतात. आपल्याकडे मात्र कोणी तिला बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून टाकतो. वस्तुतः बांडगूळ झाडाचा रस शोषते, तर आमरी झाडाचा केवळ आधार घेते. दमट हवा, पावसाचे पाणी आणि सालीच्या खाचेत साचलेला पालापाचोळा एवढ्यावर तिचा निर्वाह चालतो.

आज जी फुकटची समजली जाते, तिच्यासाठी पर्यटक पैसे मोजतो असे दिसले, की कोयता पुन्हा चालेल. या वेळी विक्रीसाठी. आमरीच्या एकेका फळात लक्षावधी सूक्ष्म बिया असतात, पण बीजात साठवलेले अन्न नसते. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच बी रुजते आणि रुजलेल्या रोपाला फूल येण्यास कित्येक वर्षे लागतात. फांदीवरून ओरबाडलेली आमरी सहजासहजी भरून निघत नाही.

हा धोका काल्पनिक नाही. १८५० मध्ये जोसेफ हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने खासी टेकड्यांतून निळ्या व्हँडाची सात हमालांची ओझी लंडनजवळच्या क्यू उद्यानासाठी गोळा केली. त्यातील थोडीच रोपे इंग्लंडात जिवंत पोचली, असे त्यानेच आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. दुसऱ्या एका गृहस्थाने पाठविलेले एकच ओझे वाईट अवस्थेत पोचूनही ३०० पौंडांना विकले गेले. एवढा भाव मिळू लागल्यावर रानाची गय कोण करणार? आज त्या निळ्या व्हँडाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आश्रयाला ठेवावे लागले आहे.

सुदैवाने रान न लुटता आमरी वाढविण्याची विद्या आता जुनी झाली आहे. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीच्या मदतीशिवाय, साखर व क्षार घातलेल्या आगरवर बी रुजवून दाखविले. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून रोपे तयार करण्याची पद्धत मांडली. थायलंडचा आमरीचा मोठा व्यापार अशा प्रयोगशाळेतील रोपांवर उभा आहे. कोकणातल्या शेतकऱ्याने प्रयोगशाळा काढण्याची गरज नाही. त्याने तेथून आलेली डेंड्रोबियमची संकरित रोपे घ्यावीत आणि वाढवावीत. परसदारी सावलीची जाळी, कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि विटांचे खडे, एवढी सामग्री पुरेशी आहे. त्यातील बरीचशी घरचीच असते. जुन्या दांड्यांवर पुढे पिल्लेही फुटतात. घरच्या माणसांनी सकाळी तासभर लक्ष घातले तर पन्नास-शंभर कुंड्या सहज सांभाळता येतात.

तोडलेल्या फुलांच्या धंद्यात लहान बागायतदाराचा निभाव लागणे कठीण. मुंबईचा बाजार, वाहतूक आणि दलाली यांतच त्याचा नफा विरघळतो. पर्यटक मात्र स्वतः दारात येतो. फुललेली कुंडी हीच त्याच्यासाठी जाहिरात असते.

अर्थात अडचणी आहेत. रोप फुलावर येईपर्यंत दीड-दोन वर्षे पैसा अडकतो. आषाढ-श्रावणातील संततधारेत मुळे कुजतात, म्हणून वर छत लागते. गोगलगायी कोवळे कोंब खातात. शिवाय कोकणातले रोप पुण्याच्या कोरड्या गच्चीवर गेले, की उन्हाळ्यात माना टाकते. पाणी किती, ऊन कोठले, हे मराठीत छापलेल्या चिठ्ठीवर लिहून देणे हा विक्रीचाच भाग मानला पाहिजे. रोप मेले तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. वन्यजीव व्यापारविषयक जो आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून अमलात आहे, त्याच्या कक्षेत आमरीचे सारे कुळ येते. त्यामुळे परदेशी पाहुण्याला कुंडी परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. या धंद्याचा खरा आधार देशी पर्यटकच आहे.

महाराष्ट्राने १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबागा उभ्या केल्या, १९९७ मध्ये सिंधुदुर्गला पर्यटन जिल्हा घोषित केले आणि २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले. बाग आहे, पाहुणा आहे; दोघांचा मेळ घालण्याचे काम तेवढे राहिले आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने खात्रीची रोपे रास्त भावात द्यावीत आणि सीतेच्या वेणीसारख्या देशी जातीही बियांपासून वाढवून शेतकऱ्यांपर्यंत पोचवाव्यात. पहिली दोन वर्षे हप्ता न मागणारे छोटे कर्ज सहकारी संस्थांनी द्यावे. प्रत्येक कुंडीवर रोप कोठल्या रोपवाटिकेतले हे सांगणारी खूण असावी. ही खूण नसलेले रोप घ्यायचे नाही, एवढे पथ्य पर्यटकानेही पाळावे. कारण रान लुटणाऱ्या हाताला बळ शेवटी खरेदी करणाराच देतो.

आमरीवर कोणाचा संसार चालणार नाही. आंबा, काजू आणि भात यांना जोड म्हणूनच ती शोभेल. सावकारीत मुरलेल्या कोकणाला मुद्दल आणि व्याज यांतला फरक नव्याने शिकविण्याची गरज नाही. फांदीवरची आमरी हे मुद्दल आहे, कुंडीत वाढविलेली आमरी हे व्याज. जो व्याजावर समाधान मानील, त्याच्या नातवाच्या अंगणातही पर्यटक येईल.