गगनबावड्याच्या रस्त्यावर दोन क्रूझर

कोल्हापुरात मोठी गाडी पेट्रोल पंपावर लावली की पहिला प्रश्न ठरलेला, "किती सीसी?" आणि दुसरा, "ॲव्हरेज किती देती?" प्रश्न रास्त आहेत, पण क्रूझर घेणाऱ्याला त्यांच्या उत्तरांतून फारसं काही हाती लागत नाही. आमच्या घरी अशा दोन गाड्या आहेत. माझी रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर आणि धाकट्या भावाची कावासाकी व्हल्कन एस. एक 648 सीसीची, दुसरी 649 सीसीची. दोन्हींना शेजारी-शेजारी दोन सिलिंडर, सहा गिअर आणि चेन. वजन 241 आणि 235 किलो. कागदावर इतक्या जवळच्या असलेल्या या गाड्या रस्त्यावर अगदी वेगळ्या वागतात, आणि ते कळायला गगनबावड्याच्या रस्त्यासारखी जागा नाही.

आधी ताकदीचं बघू, कारण बहुतेकांचा निर्णय तिथंच होऊन जातो. व्हल्कन 61 पीएस देते, मीटिऑर 47. फरक मोठा आहे. पण व्हल्कनचे 61 पीएस मिळतात 7500 आरपीएमला. हे इंजिन निन्जा 650च्या घराण्यातलं. त्याचा क्रँक 180 अंशांचा, म्हणजे एक पिस्टन वर असताना दुसरा तळाशी. असं इंजिन वरच्या आरपीएमला खुलतं. मीटिऑरचा क्रँक 270 अंशांचा आहे. तिच्या दोन स्फोटांमधलं अंतर एकदा 270 आणि एकदा 450 अंश पडतं. नव्वद अंशांच्या व्ही-ट्विनमध्येही ते एवढंच असतं, म्हणून ठेकाही तसाच भारदस्त येतो. कमाल टॉर्क व्हल्कनपेक्षा कमी, 62.4 न्यूटन मीटरच्या जागी 52.3. पण त्यातला 80 टक्के 2500 आरपीएमपासूनच मिळतो, असं कंपनी सांगते, आणि चालवताना ते पटतं.

गळीत हंगामात कुडित्र्याच्या कुंभी-कासारी कारखान्याच्या बाजूनं जाऊन बघा. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारे ऊस आणि रस्त्यावर सांडलेला पाला. समोरून एसटी येत असते. तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत मागं राहावं लागतं. रस्ता मोकळा दिसला की मीटिऑर त्याच गिअरमध्ये ओढून नेते. व्हल्कनला एक गिअर खाली घ्यावा लागतो, पण एकदा घेतला की ती ट्रॅक्टरला मागं टाकते ती माझ्या गाडीच्या आधीच. भाऊ म्हणतो, "दादा, माझी गाडी जागी करावी लागती, एवढंच." खरं आहे. पण पाल्यावरून आणि ओल्या मातीवरून जाताना मला इंजिन जागं करायची गरज न पडलेलीच बरी वाटते.

महामार्गावर पारडं फिरतं. निपाणीकडं जाताना व्हल्कन अधिक शांत आणि कमी थरथरणारी. पण चारपदरी महामार्गावर दुचाकीसाठी केंद्रानं 2018 साली ठरवलेली कमाल मर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे. त्या मर्यादेत व्हल्कनचा वरचा जोर बहुतांशी पडूनच राहतो.

ताकदीपेक्षा महत्त्वाची वाटते ती गाडीची ठेवण. क्रूझरचा पुढचा फोर्क उभ्या रेषेपासून बराच पुढं झुकलेला असतो. हा कल व्हल्कनमध्ये 31 अंश, मीटिऑरमध्ये 27.6. दोन चाकांमधलं अंतर व्हल्कनचं 1575 मिलिमीटर, मीटिऑरचं 1500. कल आणि लांबी जास्त असली की सरळ रस्त्यावर गाडी ठाम राहते. पण घाटातल्या अवघड वळणावर वेग उतरला की हँडल आतल्या बाजूला पडू पाहतं आणि दोन्ही हातांनी सावरावं लागतं. भुईबावडा घाटात मी भावाची गाडी घेतली की पहिली काही वळणं खांदे आवळलेलेच असतात. थोडा वेग राखला तर मात्र तिची रेडियल टायर फार भरवशाची वाटतात. बुटक्या माणसाला व्हल्कन सोयीची. सीट 705 मिलिमीटरवर, शिवाय फूटपेग पुढं-मागं तीन जागी बसवता येतात. मीटिऑरची सीट 740वर, तीही कमीच.

आता स्पीडब्रेकर. गगनबावड्याच्या रस्त्यावर कळ्यापर्यंत गावागणिक ते आहेत, आणि एकाची उंची दुसऱ्यासारखी नाही. जमिनीपासूनचं अंतर मीटिऑरचं 135 मिलिमीटर, व्हल्कनचं 130. फरक पाचाचा दिसतो, पण व्हल्कनची चाकं लांब-लांब असल्यानं पोट आधी टेकतं. मागचं सस्पेन्शन तिचं 80 मिलिमीटर दबतं, मीटिऑरचं 101. एकट्यानं जाताना हे जाणवत नाही. मागं कुणी बसलं की प्रत्येक खड्डा त्यांच्या कमरेपर्यंत पोचतो. आमच्या आई व्हल्कनवर एकदा बसल्या, नंतर बसल्या नाहीत.

देखभालीत एक फरक कोल्हापूरकरानं समजून घ्यावा. मीटिऑरचे टॅपेट स्क्रू आणि नटावर सेट होतात. फिलर गेज आणि पाना असला की झालं. व्हल्कनमध्ये टॅपेटचा गॅप शिमनं जुळवायचा. त्यासाठी कॅमशाफ्ट काढायचे, नेमक्या जाडीचे शिम मिळवायचे. उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री माझ्या इंजिनकडं बघून म्हणाले, "ह्ये आपल्या हातातलं काम हाय, सायेब." ज्या गावानं लेथवर ऑइल इंजिनं घडवली, त्या गावात या वाक्याला वजन आहे.

किमतीत तुलनाच नाही. मीटिऑर जानेवारी 2023 मध्ये 3.49 लाखांपासून आली, व्हल्कन तेव्हाच त्याच्या जवळपास दुप्पट होती. दोन्ही 350 सीसीच्या वरच्या, त्यामुळे 22 सप्टेंबर 2025 पासून दोन्हींवर 40 टक्के जीएसटी. जेवढी गाडी महाग, तेवढा तो जास्त बोचतो.

बेळगाव-बेंगळुरूकडं वरचेवर जाणाऱ्यानं, एकट्यानंच फिरणाऱ्यानं व्हल्कन जरूर बघावी. कोकणात उतरणाऱ्यानं, घरच्या माणसाला मागं बसवणाऱ्यानं मीटिऑर घ्यावी, असं मी ठामपणे सांगेन. ट्रायल मागताना मात्र महामार्गावरची मागू नका. मागं जोडीदार बसवा, कळ्यापर्यंत जाऊन या, आणि परत आल्यावर गाडी कशी वाटली हे मागं बसलेल्या माणसाला आधी विचारा.