गुळवेलीचा काढा पोटात गेल्यावर

पांढुर्णा-सौंसरकडे गुळवेल विकत आणायची गरज सहसा पडत नाही. एखाद्या कडुनिंबावर चढलेली सापडतेच. कांडावरची कागदासारखी पातळ साल नखाने निघते, खाली हिरवं लागतं. ठेचून, उकळून गाळलेला तो कडू काढा पुढे कुठे जातो?

आतड्यातून शोषलेली द्रव्यं आधी यकृतात पोचतात, मग इतरत्र. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त पचनमार्गाकडून याच वाटेने येतं. वनस्पतींतली बरीच द्रव्यं पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यामुळे लघवीवाटे सहज जात नाहीत. म्हणून यकृतातली सायटोक्रोम पी-४५० ही विकरं त्यांना बहुधा ऑक्सिजन जोडतात. मग दुसरी विकरं त्यावर ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट चढवतात. आता ते विरघळतं आणि लघवीतून किंवा पित्तातून बाहेर पडतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनाही हीच विकरं लागतात. झाडपाल्याची वाट वेगळी नाही.

मिऱ्यातलं पिपरीन यातली दुसरी पायरी अडवतं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी हळदीतल्या कर्क्युमिनच्या २ ग्रॅमसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं, तर रक्तात पोचणारं कर्क्युमिन सुमारे वीसपट झालं. हळदीला हे चालेल, पण सोबत चालू असलेल्या एखाद्या गोळीचं प्रमाणही असंच चढू शकतं.

खरी अडचण दोन पायऱ्यांच्या मध्ये असते. काही रेणू पहिल्या पायरीनंतर उलट जास्त जहाल होतात. ग्लुटाथायोन त्यांना निकामी करतं. ते अपुरं पडलं की हे रेणू पेशीच्याच प्रथिनांना चिकटतात, आणि कधी शरीराची प्रतिकारशक्ती त्या पेशींवर उलटते.

गुळवेलीत नेमकं हेच घडतं असं सिद्ध झालेलं नाही. पण करोनाकाळात, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात, मुंबईत गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याचं तज्ज्ञांनी नोंदवलं, आणि तिचं रूप प्रतिकारशक्ती उलटल्यासारखंच होतं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: वनस्पती गुळवेलच होती कशावरून? तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पाही असते. हरकत रास्त होती. पुढे देशभरातल्या अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास आला, तेव्हा मात्र प्रश्न नुसत्या ओळखीचा राहिला नाही. बहुतेकांना काढा पचतो. यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीचा जुना विकार असलेल्यांनी तो आपल्या मनाने घेऊ नये.

यकृत दुखावलं की बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य पित्तात न जाता रक्तात साठतं. डोळे पिवळे, लघवी गडद. आपल्याकडे नेमकं तेव्हाच काविळीचं आणखी एक झाडपाल्याचं औषध सुरू होतं. त्याऐवजी काढा थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, एसजीपीटी आणि बिलिरुबिन तपासून घ्यावं, आणि काय काय घेत होतो ते सगळं सांगावं, चूर्णाच्या पुडीसकट.